पोस्टावर रचलेली दोनशे बारा गोदामं

नोकरीचा पहिला दिवस वॉचमनच्या वहीपासून सुरू झाला, आणि पुढचे तेवीस दिवस तिथूनच सुरू होत राहिले. आयकार्ड यायचं होतं. ते येईपर्यंत पाहुण्यांच्या वहीत रोज नाव, वेळ आणि 'कोणाला भेटायचे आहे' हा रकाना भरल्याशिवाय आत सोडत नसत. पहिला आठवडा तिने तिथे साहेबांचं नाव लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात वॉचमन म्हणाला, "साहेब आज सुट्टीवर आहेत. भेट होणार नाही."

"मला त्यांना भेटायचंच नाहीये. मी इथे कामाला आहे."

"तसं बरेच जण म्हणतात," वॉचमन शांतपणे म्हणाला.

त्या दिवशी तिने रकान्यात 'स्वतःला' असं लिहिलं. वॉचमनने ते नीट वाचलं, वेळ टाकली आणि दार उघडलं.

घरी तिला खुसपट म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. दुसरीत असताना तिने बाईंना फळ्यावरची चूक दाखवली होती. पुढे दुकानाच्या पाट्या, बसची वेळापत्रकं, पाहुण्यांच्या लग्नपत्रिकेतला वार, काही म्हणजे काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. संख्याशास्त्रात पदवी घेतली तेव्हा बाबा म्हणाले, "आता खुसपट काढायचा परवाना मिळाला." पुनर्विमा कंपनीने चारशे अर्जांतून सहा ट्रेनी घेतले, त्यात ती होती. मुलाखतीत विचारलं होतं, शंभर वर्षांत एकदा येणारा पूर लागोपाठ दोन वर्षं आला तर तुम्ही काय म्हणाल? ती म्हणाली होती, "शंभर वर्षं कोणी मोजली ते आधी विचारीन." समोरचे तिघं हसले होते. त्या हसण्यावर विसंबून ती वादळांची गणितं मांडायला निघाली होती.

घरी मात्र ही नोकरी काय आहे हे कोणालाच कळेना. मामा पहिल्याच रविवारी आला. आई कपडे दुरुस्तीचं काम करायची. ती मशीनवर एका पँटची दुमड घालत होती. मामा तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "म्हणजे आता तू पॉलिश्या विकणार."

"नाही रे मामा. विमा कंपनी लोकांचा विमा उतरवते. पण एखादं मोठं संकट आलं आणि सगळ्यांनी एकाच दिवशी हात पुढे केले, तर ती कंपनीच बसेल. म्हणून ती तिच्यावरचा थोडा भार आमच्यावर टाकते."

"विम्याचा विमा."

"हो."

"आणि तुम्ही बसलात तर?"

"आम्हीपण आमचा उतरवतो. दुसऱ्या पुनर्विमा कंपनीकडे."

"आणि ती?"

"तीपण उतरवते."

मामाने बराच विचार केला. "म्हणजे शेवटी सगळे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडणार," तो म्हणाला. "ते असू दे. माझ्या गाडीच्या आरशाचा क्लेम चार महिने अडकलाय. तेवढं बघ."

ती आरशाचं बघत नाही, गाड्यांचंही बघत नाही, हे तिने तीनदा सांगितलं. मामाने जाताना क्लेमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी मशीनवर ठेवलीच.

वादळांची गणितंही तिच्या वाट्याला आली नाहीत. ती गेली दुसऱ्या ट्रेनीकडे. तो मुलगा मोठ्या पडद्यावर नकाशे करायचा, धोका जास्त तिथे लाल, कमी तिथे हिरवा, म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणत. तिच्या टेबलावर आले पत्ते. ज्या ज्या विमा कंपन्या आपला भार इथे टाकत, त्या वर्षातून एकदा विमा उतरवलेल्या इमारतींच्या याद्या पाठवत. प्रत्येकीची तऱ्हा निराळी. एकीचा पत्ता एका रकान्यात, दुसरीचा सात रकान्यांत, तिसरीने छापील कागदाचे तिरके फोटो पाठवलेले. पत्ते तरी कसले? 'मारुती गाडीच्या शोरूमसमोर.' 'पूर्वीचेच ठिकाण.' 'वरीलप्रमाणे,' आणि वर बघावं तर काहीच नाही. एका कारखान्याचा पत्ता म्हणून चक्क 'मालकास माहीत' असं लिहिलेलं होतं. हे सगळं एका साच्यात बसवायचं, म्हणजे मग रंगाऱ्याचा नकाशा रंगणार. नऊ हजार ओळी होत्या. पदवीचं प्रमाणपत्र आईने भिंतीवर लावलं होतं; ते बघून तिला रोज सकाळी चीड यायची.

आणि वर साहेब. साहेब म्हणजे तीस वर्षं आगीचे आणि कारखान्यांचे करार बघणारे, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालणारे गृहस्थ. त्यांच्याकडे गेलेला कोणताही कागद परत यायचाच, आणि पेन्सिलीने कुठेतरी एक स्वल्पविराम घातलेला किंवा काढलेला असायचा. ऑफिसात त्यांना स्वल्पविराम म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं. तिने पाठवलेल्या दोन ओळींच्या ईमेलचीसुद्धा त्यांनी प्रिंट काढून परत दिली होती. "'लवकरात लवकर' म्हणजे कधी?" असं समासात लिहून.

सातव्या आठवड्यात रंगाऱ्याचा नकाशा तयार झाला. आपल्या शहराचा भाग तिने मोठा करून पाहिला. हिरवागार होता. मध्यभागी एकच मोठा ठिपका, त्यावर आकडा २१२.

"हे काय आहे?"

"गोदामं," रंगारी म्हणाला. "दोनशे बारा."

"एका जागी?"

"ज्यांचा पत्ता सापडत नाही ती सॉफ्टवेअर शहराच्या मध्यावर टाकतं. मध्य म्हणजे मुख्य पोस्ट. काळजी करू नकोस, ते टेकाडावर आहे, फायर ब्रिगेड शेजारी आहे. धोका एकदम कमी येतो."

तिने कपाळाला हात लावला. सात आठवडे ती एकेक पत्ता डोळ्यांत तेल घालून सरळ करत होती, आणि जे सरळ झाले नाहीत ते या यंत्राने मुकाट्याने टेकाडावर नेऊन ठेवले होते. वर त्याला हिरवा रंग.

घरी जेवताना ती हे धुसफुसत सांगत होती. बाबा एकतीस वर्षं पोस्टमन होते, त्यातली बरीच त्याच मुख्य पोस्टात. ते घास हातात धरून हसायला लागले. "दोनशे बारा गोदामं? अगं, आम्हाला तिथे डबा खायला जागा नव्हती."

"हसू नका. मला ती सगळी शोधायचीयेत."

"आण की यादी. बघू."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना विचारलं. गोदाममालकांची नावं आणि आकडे झाकून नुसते पत्ते न्यायला साहेबांनी परवानगी दिली, तीही लेखी, दोन दुरुस्त्यांनंतर. जेवणं उरकल्यावर बाबांनी चष्मा पुसला आणि टेबलावर कागद पसरले. ते पत्ता वाचत नसत, जणू त्या रस्त्याने चालत जात. "हा छापखान्याच्या बोळातला. दार मागून आहे. हा चुकीचा लिहिलाय, तिथे तर शाळा आहे." चार संध्याकाळी असं चाललं. बाबांची मदत होत होती हे खरं, पण प्रत्येक दारामागे एक गोष्ट होती, आणि प्रत्येक गोष्टीत एक कुत्रा. तिच्या नाकी नऊ आले.

पाचव्या संध्याकाळी बाबा थबकले. त्यांनी तीन वेगवेगळ्या पानांवर बोट ठेवलं. पहिल्या विमा कंपनीच्या यादीत होतं, 'जुनी साबण फॅक्टरी, कालव्याजवळ.' दुसरीच्या यादीत, 'गाळा ६, कालवा रोड.' तिसरीच्या, 'प्लॉट ४१, वजनकाट्याच्या मागे.'

"हे तिन्ही एकच," बाबा म्हणाले.

"एकच म्हणजे जवळजवळ?"

"एकच म्हणजे एकच. साबण फॅक्टरी बंद पडली, जागा तिघांनी भाड्याने घेतली. गेटं तीन, तीन रस्त्यांवर. आत एकच आवार. मी तिन्ही गेटांची पत्रं एका गेटातून द्यायचो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने पूर्ण यादीत बघितलं. एकात गाद्यांचा फोम. एकात रंग आणि थिनर. एकात कागदाची रिळं. तीन कंपन्या, तीन करार, आणि तिन्ही करार तिच्याच ऑफिसशी. प्रत्येक करार करताना ऑफिसने धरलं होतं की आग लागली तर एका जागी लागेल आणि एकाच कराराखाली भरपाई द्यावी लागेल. इथे एक काडी पेटली तर तिन्ही कंपन्या एकाच दिवशी दारात उभ्या राहणार होत्या.

शनिवारी सकाळी ती बाबांना घेऊन तिथे गेली. परवानगी काढली होती, पण तिची गरजच पडली नाही. पहिल्या गेटवरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने बाबांना पाहिलं आणि "पोस्टमन, तुम्ही अजून आहात?" असं म्हणून दोघांना खुर्च्या दिल्या. पाऊण तास गेला. कोण वारलं, कोणाच्या मुलीला मुलगा झाला, कोणाचे गुडघे बदलले. ती घड्याळाकडे बघत फोमच्या वासात उभी. शेवटी तीच आत शिरली.

आत मधल्या भिंती होत्या, म्हणजे एके काळी होत्या. फोर्कलिफ्ट फिरवायला अडचण होते म्हणून दोन्ही भिंतींना गाडी जाईल एवढी भगदाडं पाडली होती. फोमचे गठ्ठे एका भगदाडातून ओसंडून रंगाच्या डब्यांना टेकले होते. वर पत्र्याचं एकच छप्पर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक कामगार डब्यावर बसून शांतपणे विडी ओढत होता. तिने त्याला काही सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "ताई, इथे फोटो काढायला मनाई आहे. सुरक्षेचा प्रश्न आहे."

सोमवारी तिने दोन पानी टिपण लिहिलं आणि साहेबांसमोर ठेवलं. करारांचं नूतनीकरण महिनाअखेर होतं. तीन आठवडे उरले होते. टिपण दुपारी परत आलं. पहिल्याच वाक्यात 'अत्यंत धोकादायक' खोडलेलं. समासात, 'अत्यंत म्हणजे किती?'

दुसरा मसुदा परत आला. 'असे वाटते' खोडलेलं. 'कोणाला?'

तिसऱ्यात 'लगतची गोदामे' खाली रेघ. चौथ्यात एक स्वल्पविराम शब्दभर पुढे सरकवलेला. पाचव्यात तोच पुन्हा मूळ जागी. आठवडा गेला. रंगाऱ्याने विचारलं, "काय झालं गं त्या टिपणाचं?" ती म्हणाली, "भिजत घोंगडं." आठव्या मसुद्यानंतर ती कागद घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेली. बसली नाही.

"सर, आग लागायच्या आधी हा स्वल्पविराम ठरेल का?"

खोलीबाहेरची टाइपिंगची टकटक थांबली. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. ते रागावले नाहीत, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"बसा," ते म्हणाले. ते सगळ्या ट्रेनींना अहोजाहो करत. "आग लागायच्या आधी हे कोणी वाचणार नाही. लागल्यावर मात्र वाचतील. वकील वाचतील, आणि तुमच्याइतकीच खुसपटं काढतील."

घरातलं नाव यांना कसं कळलं, असं तिला क्षणभर वाटलं. पण ते नुसताच शब्द वापरत होते.

"मी तुमच्याएवढा असताना एक टिपण लिहिलं होतं," साहेब म्हणाले. "दोन गिरण्यांबद्दल. 'लगत' असं लिहिलं. आग लागली. मग 'लगत' म्हणजे भिंतीला भिंत की मध्ये रस्ता, यावर साडेपाच वर्षं कोर्टात गेली. माझ्या एका शब्दावर. मी साक्षीला गेलो तेव्हा समोरच्या वकिलाने विचारलं, तुम्ही ती जागा पाहिली होती का? मी पाहिली नव्हती." त्यांनी तिच्या टिपणावर बोट ठेवलं. "तुम्ही पाहिलीये. मग 'लगत' कशाला लिहिता? जे पाहिलं ते लिहा."

ती बसली. दोघांनी मिळून नववा मसुदा केला. विशेषणं सगळी गेली. उरलं ते असं: तिन्ही गोदामे एकाच छपराखाली आहेत. मधल्या दोन्ही भिंतींना वाहन जाईल इतकी मोठी भगदाडे आहेत. अमुक तारखेला सकाळी साडेदहा वाजता रंगाच्या डब्यांना फोमचे गठ्ठे टेकलेले होते. एक माणूस तिथे धूम्रपान करत होता. टिपण अर्ध्या पानाचं झालं. वाचताना तिला स्वतःलाच भीती वाटली. पण म्हणून आठ मसुद्यांचा राग गेला असं नाही.

बैठकीला कंपनीच्या मोठ्या बाई होत्या, साहेब होते, आणि विमा कंपन्यांशी संबंध सांभाळणारे एक गृहस्थ होते, ज्यांना त्यांच्या आवाजावरून सगळे साखर म्हणत. साखरेने टिपण हातात घेऊन दुरून पाहिलं.

"वीस वर्षांत तिथे एक क्लेम नाही," ते गोड आवाजात म्हणाले. "आणि आपण नूतनीकरणाच्या तोंडावर तीन तीन कंपन्यांना भिंती दाखवायच्या? ही माहिती आली कुठून, बाळ?"

"माझ्या वडिलांकडून. ते पोस्टमन होते."

साखर हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी टिपण दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे बाकीचं हिरवं आहे, त्यात अजून असं किती आहे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "दोनशे बारांपैकी एकशे चाळीस सापडली. बाकीची अजून पोस्टावर आहेत."

निर्णय असा झाला: ते आवार एकच धरायचं, आणि तिथल्या एका आगीसाठी तिन्ही करारांना मिळून एकच मर्यादा घालायची. दोन विमा कंपन्यांनी कुरकुर करत मान्य केलं. त्यातल्या एकीने तपासनीस पाठवला आणि आपल्या बाजूचं भगदाड विटांनी बुजवून घेतलं. तिसरी चिडली आणि आपला सगळा व्यवहार घेऊन दुसऱ्या पुनर्विमा कंपनीकडे गेली. साखरेने चार महिने तिच्याशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये ती शिरली की ते जिन्याने जात.

आणि आग लागली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. लागावी अशी तिची इच्छा नव्हतीच. पण कॅन्टीनमध्ये कोणी "त्या गोदामांमुळे एक गिऱ्हाईक गेलं" असं म्हणालं, की तिच्याकडे दाखवायला काहीच नसायचं. बाबांना ती म्हणाली, "बरोबर असूनही मूर्ख दिसायचं, असा हा धंदा आहे." बाबा म्हणाले, "आमचंही तसंच होतं. पत्र पोचलं की कोणी सांगायला येत नाही. नाही पोचलं की सगळे येतात."

ट्रेनीचं वर्ष संपलं तेव्हा नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. सोबत साहेबांचा शेरा होता: 'निरीक्षण उत्तम. लेखन सुधारणे आवश्यक.' आणि खाली एक ओळ: पत्त्यांचं काम इतकं चांगलं केल्याबद्दल पुढच्या वर्षी सर्व शहरांचे पत्ते त्यांच्याकडे सोपवावेत.

ती घरी येऊन पिशवी आदळून बसली. आई एका कोटाची शिवण उसवत होती.

"मी वादळांसाठी गेले होते गं."

"तू काम चांगलं का केलंस?" आई म्हणाली. "माझी दुमड चांगली येते म्हणून गल्लीतल्या सगळ्या पँटी माझ्याकडे. वाईट घातली असती तर सुटले असते."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, पत्ते करीन, पण एका अटीवर. सगळ्या विमा कंपन्यांना एकच फॉर्म पाठवायचा. गेट कुठे, छप्पर कोणाशी सामाईक, मधली भिंत अखंड आहे का, शेजारी काय आहे. साहेब म्हणाले, "कल्पना चांगली आहे. मसुदा आणा."

त्या एका पानाच्या फॉर्मला साडेतीन महिने लागले. सतरा मसुदे झाले. 'अखंड' या शब्दावरच दहा दिवस गेले. त्यात एकदा साहेबांनी घातलेला स्वल्पविराम तिनेच काढला. साहेबांनी पेन्सिल उचलली, विचार केला आणि ठेवून दिली. त्या दिवशी दुपारी तिने कॅन्टीनमध्ये स्वतःला दोन कप चहा पाजला.

फॉर्म गेले. तीन आठवड्यांनी पहिला भरून परत आला, एका कापडाच्या गोदामाचा. अक्षर सुंदर होतं. गेट बरोबर भरलं होतं, छप्पर बरोबर भरलं होतं. 'मधली भिंत अखंड आहे का' यापुढे लिहिलं होतं, 'होय, दार सोडून.' आणि शेवटी, 'शेजारी काय आहे' या प्रश्नापुढे:

'शेजार फार चांगला आहे. कधी तक्रार नाही.'

तिने फॉर्म टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर कपाळ टेकलं. रंगारी म्हणाला, "बरं वाटत नाहीये का?" थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले तेव्हा ती रडतेय की हसतेय हे त्याला कळेना. मग तिने डोकं वर केलं, गोदामाचा नंबर शोधला आणि फोन लावला.

"नमस्कार," ती म्हणाली. "तुमच्या त्या चांगल्या शेजाऱ्यांबद्दल जरा विचारायचं होतं. ते आत काय ठेवतात?"